बाळाला घेऊन राणीच्या बागेत

आमच्या घरात एक न लिहिलेला नियम आहे. बाळाचं उष्टावण झालं की त्याची पहिली 'बाहेरची' सहल राणीच्या बागेत. देवळात नेणं वेगळं, डॉक्टरकडे नेणं वेगळं. सहल म्हणजे राणीची बाग. माझी आई गेली, मामा गेला, मी गेले, माझा भाऊ गेला. सगळ्यांचे तिथल्या दगडी हत्तीसमोर काढलेले फोटो आहेत आणि सगळ्या फोटोंत बाळ रडतंय. हत्ती मात्र तोच.

त्यामुळे आमची चिऊ आठ महिन्यांची झाली आणि आजीचा फोन आला, "काय गं, कधी नेताय पोरीला?" तेव्हा कुठे, हे विचारायची गरजच नव्हती. नवऱ्याने आपलं हळूच सुचवून पाहिलं की जवळच्या मॉलमध्ये एसी आहे, बाबागाडी ढकलायला गुळगुळीत फरशी आहे आणि बाळाचे कपडे बदलायला वेगळी खोलीही आहे. तिन्ही मुद्दे बिनतोड होते. पण आजीचं वय अठ्ठ्याऐंशी आहे. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला बिनतोड मुद्दे सांगायचे नसतात.

तर गेल्या रविवारी निघालो. ज्यांनी तान्ह्या बाळाला घेऊन डोंबिवलीहून लोकलने प्रवास केलाय त्यांना पुढचं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. आठ महिन्यांच्या बाळाला तीन तासांसाठी लागणारं सामान आठ दिवस माथेरानला राहायला पुरेल एवढं असतं. दुपटी चार, लंगोट सहा (डायपर असूनही, कारण आईचा डायपरवर विश्वास नाही), नाचणीसत्वाचा डबा, गरम पाण्याचा थर्मास, वाटी-चमचा, टोपडं, खुळखुळा, आणि तो खुळखुळा नकोसा झाला तर वाजवायला एक स्टीलची डबी. बाबागाडी मात्र घरीच ठेवली. आमच्या घरापासून स्टेशनपर्यंतच्या फुटपाथवरून ती चालवायची म्हणजे ती उचलूनच न्यायची, आणि उचलायचंच तर बाळच का नको?

लेडीज डब्यात शिरल्यावर दोन मिनिटांत चिऊ माझ्या मांडीवर नव्हती. ठाण्यापर्यंत ती एका भाजीवाल्या मावशींकडे होती, घाटकोपरपर्यंत कॉलेजच्या दोन मुलींकडे आणि पुढे भायखळ्यापर्यंत एका बाईंच्या ओढणीशी खेळत होती. कुणाचंही नाव मला ठाऊक नाही. मॉलमध्ये हे झालं नसतं, एवढं मी नवऱ्याला लगेच ऐकवून घेतलं.

मामा आजीला घेऊन लालबागहून टॅक्सीने आला होता. आजीला फार चालवत नाही आणि चिऊला अजून चालता येत नाही, त्यामुळे आमची वरात फाटकापासून पहिल्या बाकापर्यंत पोचायला चांगली वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मला पहिल्यांदाच प्रश्न पडला की ही बागच का? मुंबईत लहान मुलांना न्यायच्या जागा काही कमी नव्हत्या. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट १९५२चा. आईच्या लहानपणी दोन्ही होते आणि आम्ही दोन्हीकडे गेलोही आहोत. चौपाटी होती, गेटवे होता, जरा लांब म्हटलं तर बोरिवलीचं जंगल आणि कान्हेरीची लेणी होती. पण 'पहिली' सहल कायम इथेच. का?

आधी बागेविषयी थोडं सांगते. ही बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रेअर यांच्या हस्ते लोकांसाठी उघडली. नाव अर्थातच व्हिक्टोरिया गार्डन, आणि व्हिक्टोरिया म्हणजे राणी, म्हणून आपल्या लोकांची राणीची बाग. स्वातंत्र्यानंतर तिचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं. एका आईचं नाव मिळालं हे छानच झालं, पण बोलताना अजून सगळे राणीची बागच म्हणतात. सुरुवातीला ही वनस्पतींची बाग होती. आवारातलं म्युझियम, म्हणजे आत्ताचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली उघडलं. ते उभं करण्यात स्वतः डॉ. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांचा मोठा वाटा होता. १९७५ साली त्याला डॉक्टरांचं नाव दिलं. प्राणी आले १८९० साली, बाग वाढवून.

आणि तो दगडी हत्ती? तो इथला नाहीच. तो घारापुरीचा. त्याच्याचवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेनने दगा दिला आणि हत्ती पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणले गेले आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. माझ्या लहानपणी मला वाटायचं की हा हत्ती आपल्या फोटोसाठीच बनवलाय. प्रत्यक्षात तो परदेशी जाता जाता राहिलेला आणि तुटून जोडलेला हत्ती आहे. हे कळल्यापासून मला तो जास्तच आपला वाटतो.

पण १८९० या सालाकडे पुन्हा एकदा येऊ या. बागेत प्राणी आले त्याच वर्षी मुंबईत आणखी एक गोष्ट झाली, आणि ती झाली नसती तर माझ्या खापरपणजोबांना वाघ-सिंह असून नसून सारखेच होते. ती गोष्ट म्हणजे रविवार.

आपण रविवार गृहीत धरतो. पण गिरण्यांमध्ये ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि सुट्टी म्हणजे सणासुदीची किंवा यंत्र बंद पडलं तर. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. त्यांनी १८८४पासून ही मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. त्या काय बोलल्या असतील याचा मी पुष्कळ विचार केला आहे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे बागेला प्राणी आणि कामगारांना रविवार एकाच वर्षी मिळाला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नसेल, पण आमच्या घरात तरी त्यांची गाठ तेव्हाच पडली.

दुसरी गोष्ट ट्राम. घोड्यांची ट्राम मुंबईत १८७४ साली आली, विजेची १९०७ साली. परळकडून येणारा रस्ता, म्हणजे आत्ताचा डॉ. आंबेडकर रोड, बागेच्या दारावरूनच जातो आणि ट्रामही याच रस्त्याने जायची. आईला घेऊन आजी पहिल्यांदा आली ती ट्रामनेच, १९६२ साली. पुढे दीडेक वर्षात, ३१ मार्च १९६४ला, शेवटची ट्राम धावली, तीही बोरीबंदर ते दादर, याच मार्गावर. आजी म्हणते, ट्राम सावकाश जायची म्हणून बाळंतिणीला बरी. गचके नाहीत, धावपळ नाही. बाळाला घेऊन उतरायचं म्हटलं की कंडक्टर थांबायचा. (हे सगळे कंडक्टर करायचे की आजीच्या ट्रामचाच करायचा, हे मला विचारू नका.)

बाग, रविवार, ट्राम. एवढं जमलं की सहल होते. पण ज्या घरातून ती निघायची त्या घराबद्दल बोलल्याशिवाय तिचा अर्थ कळत नाही.

आजीचा जन्म लालबागच्या चाळीतल्या एका खोलीतला, १९३८चा. पणजोबा आणि पणजी दोघंही गिरणीत. पणजी वाइंडिंग खात्यात, बायका बहुतेक तिथेच असायच्या. दहा बाय बाराची खोली, तीत आठ माणसं, शिवाय गावाहून आलेले पाहुणे. खोलीत चूल आणि चुलीचा धूर. गिरणगावातल्या बहुतेक कुटुंबांची हीच कथा. १९२१ सालच्या आकड्यांप्रमाणे मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून जास्त तान्ही मुलं वर्षाच्या आत दगावत होती. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तर याहूनही जास्त. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, जन्माची नोंद तिकडे होई आणि बाळ दगावलं तर नोंद मुंबईत, म्हणून हा आकडा थोडा फुगलेला आहे हे खरं. पण कितीही कमी करून धरला तरी तो वाचवत नाही. पुढच्या वर्षांत तो हळूहळू उतरत गेला, पण आजीच्या जन्माच्या वेळीही बाळ वर्षाचं होणं ही चाळीत साजरी करण्याची गोष्ट होती.

आजीच्या आधी पणजीला एक मुलगा झाला होता. तो पाच महिन्यांचा असताना गेला. घरात एवढंच माहीत होतं, "पहिला गेला." मी कॉलेजात असताना आजीने एकदा मला पुढचं सांगितलं. पणजी कामावर जाताना त्याला बाळागोळी द्यायची. बाळागोळी म्हणजे अफू घातलेली गोळी. बाळ दिवसभर झोपून राहतं, रडत नाही, शेजारणीला त्रास देत नाही. एक दिवस तो उठलाच नाही.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची आणि सर्वज्ञ होते. मी म्हणाले, "काय हा अडाणीपणा!" आजी काही बोलली नाही. भांडी आवरायला उठली. नंतर तिने तो विषय माझ्याजवळ कधी काढला नाही, आणि मीही विसरून गेले.

बरीच वर्षं गेली. मग गिरणगावाविषयी वाचताना लक्षात आलं की हा एकट्या पणजीचा अडाणीपणा नव्हताच. १९२२च्या सुमारास सरकारने नेमलेल्या एका डॉक्टरबाईंनी, डॉ. बार्न्स यांनी, गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली. गिरणीत जाणाऱ्या जवळजवळ सगळ्याच बायका बाळाला अफू देत होत्या असं तिच्यात दिसलं. दुसरं करणार काय? १९२२च्या कायद्याने कामाचा दिवस अकरा तासांचा होता, १९३४च्या कायद्याने दहाचा झाला. रजेचं म्हणाल तर १९२९ साली मुंबई इलाख्याने प्रसूती लाभ कायदा केला, देशातला पहिला. त्याच्या आदल्या वर्षी विधिमंडळात हे विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारं भाषण केलं होतं. या कायद्याने बाईला बाळंतपणाच्या आधीचे आणि नंतरचे मिळून काही आठवडे आणि थोडा भत्ता मिळाला. मोठीच गोष्ट होती. पण ते आठवडे संपल्यावर बाळाला कुठे ठेवायचं, याचं उत्तर त्यात नव्हतं. कारखान्यात पाळणाघर असलंच पाहिजे हे देशभरासाठी १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये आलं, तेही पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तर. पणजीचा मुलगा त्याच्या कितीतरी आधीच गेला होता.

आणि मी? मला २०१७च्या दुरुस्तीमुळे सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. तरी ती संपली त्या सोमवारी चिऊला पाळणाघरात सोडून लोकलमध्ये बसले आणि ठाणं येईपर्यंत रडत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला पणजी आठवली. तिला तर मांडीवरून बाळ घेणाऱ्या मावशीही मिळाल्या नाहीत. तिला एक गोळी मिळाली, आणि पहाटेचा भोंगा.

तर रविवारी आम्ही बाकावर बसलो होतो. डोक्यावर जुनं झाड होतं. चिऊला भूक लागली होती आणि तिने बाग डोक्यावर घेतली होती. आडोसा कुठे शोधायचा या विचारात मी होते, तेवढ्यात आजीने आपल्या खांद्यावरची शाल काढून माझ्या अंगावर टाकली आणि माझ्याकडे पाठ करून बसली, पहारा दिल्यासारखी. मला एकदम धीर आला. मी तिला विचारलं, "आजी, पहिली सहल इथेच का गं असते आपली?"

ती म्हणाली, "माझ्या आईमुळे."

पहिला मुलगा गेल्यावर पणजी दोन-तीन वर्षं कुणाशी फारशी बोलली नाही. मग आजी झाली. या खेपेला पणजीने ठरवलं, गोळी नाही. आपल्या धाकट्या बहिणीला गावाहून आणवलं बाळ सांभाळायला. बहीण बारा वर्षांची. आजीची झोप मोडायची, ती रात्ररात्र रडायची, आठ माणसांची झोप मोडायची, बोलणी पणजीला खावी लागायची. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, बाळाला धुरातून बाहेर काढा, मोकळी हवा लागू दे. मोकळी हवा लालबागला कुठली असायला? तर दर रविवारी पणजी आजीला कडेवर घेऊन राणीच्या बागेत यायची. जाताना ट्राम परवडायची नाही, चालत. येताना पाय दुखले तर ट्राम. इथे झाडाखाली लुगड्याचा पदर पसरून बाळाला ठेवायची आणि नुसती बसून राहायची.

"प्राणी बघायला नाही?" मी विचारलं.

"प्राणी कशाला? मी रडले तर इथे कुणी तिला बोलायचं नाही. म्हणून."

एवढंच. वर्ष होईपर्यंत पणजीने एकही रविवार चुकवला नाही. आजी वर्षाची झाली तेव्हा पणजी म्हणाली, आता आपल्याकडचं प्रत्येक बाळ आधी इथे आणायचं. नवस नव्हता, पण नवसासारखंच. आजीने तो पाळला, आईने पाळला. का, ते कुणी सांगितलं नाही, कारण सांगायचं तर पहिल्या मुलापासून सुरुवात करावी लागली असती.

मी म्हणाले, "आजी, मी तेव्हा अडाणी म्हणाले होते ना..."

आजी म्हणाली, "म्हणाली होतीस. दूध पाज तिला नीट, बोलू नकोस, हवा जाते पोटात." आता पाजताना बोललं तर बाळाच्या पोटात हवा जाते हे कुठलं शास्त्र, पण मी गप्प बसले.

नंतर फिरलो. पेंग्विन पाहिले, २०१६ साली कोरियाहून आणलेल्यांची मंडळी. चिऊला काचेवर थापट्या मारण्यात जास्त रस होता. पेंग्विन लोकांसाठी खुले झाले त्या वर्षी, २०१७ला, तिकीट पाच रुपयांवरून पन्नासवर गेलं, आणि आईबाप आणि दोन मुलं अशा कुटुंबाला शंभर. मला ते परवडतं. पण पणजी मनात असली की फाटकाजवळ उभी राहून पैसे मोजणारी माणसं दिसायला लागतात. मी मुद्दाम पाहिलं, रविवारी अजूनही तीच गर्दी असते. कडेवर बाळ, हातात पिशवी, नवऱ्याच्या खांद्यावर दुसरं. झाडाखाली पेपर पसरून चपाती-भाजी खाणारी.

ती झाडंही आपोआप टिकलेली नाहीत. २००७च्या सुमारास बागेचा पूर्ण कायापालट करायची मोठी योजना आली होती. तेव्हा काही बायकांनी पुढाकार घेऊन 'सेव्ह राणीबाग' समिती काढली आणि तीन हजारांहून जास्त झाडांसाठी, पावणेतीनशेहून जास्त जातींसाठी, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ती योजना तशीच्या तशी झाली नाही. मी त्यांच्यापैकी कुणाला ओळखत नाही. पण रविवारी ज्या सावलीत बसून मी लेकीला पाजलं त्या सावलीचे आभार मानायचे तर त्यांचेही मानायला हवेत. जशा महालक्ष्मीच्या सभेत बोललेल्या त्या दोघी.

निघताना दगडी हत्तीसमोर फोटो काढला. आजी खुर्चीवर, आई मागे, मी शेजारी आणि चिऊ आजीच्या मांडीवर. प्रथेप्रमाणे चिऊ रडतेय. नवरा म्हणाला, थांबा, शांत झाली की दुसरा काढू.

आजी म्हणाली, "राहू दे रे. रडतेय ते चांगलंच आहे."